भाषण संपेपर्यंत वारा सुटला

"मॅडम, भाऊसाहेब निघालेत. पाचच मिनिटं." भाऊसाहेबांचा पीए मघापासून हेच सांगत होता.

भाऊसाहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी, त्या दिवशीच्या उद्घाटनाचे प्रमुख पाहुणे. बोरीजवळच्या मुरमाच्या धावपट्टीवर शाळेची मुलं कधीची बसून होती. मी फ्लाइंग क्लबात इन्स्ट्रक्टर आहे. सुट्टीत गावाकडे आले की मुलांना फुकट विमानात फिरवते. विमान सोनकांबळे सरांचं. पॉलिटेक्निकमधून रिटायर झाल्यावर त्यांनी ते घरामागच्या शेडमध्ये स्वतः बांधलं आणि रीतसर परवाना मिळवला. सीट दोनच. एक माझी, एक मुलाची.

असलं हलकं विमान सकाळच्या शांत हवेतच उडवायचं. ऊन तापलं की वारा उठतो. तो धावपट्टीला आडवा आला तर त्याला क्रॉसविंड म्हणतात. उतरताना तो विमानाला पट्टीबाहेर ढकलतो.

भाऊसाहेब आले. नारळ, हार, सत्कार. मग भाषण. ते पुष्पक विमानापासून निघालं आणि बोरीच्या रस्त्याच्या डांबरीकरणावर उतरलं. तोवर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी आडवी ताठ झाली होती. मी सरांकडे पाहिलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"आज उड्डाण बंद," मी सांगितलं.

"आवो, माझी एक चक्कर तर होऊ द्या. फोटोवाले आलेत."

"वारा जास्त आहे, भाऊसाहेब."

"वाऱ्याला काय भ्यायचं? मी हाय ना!"

"तोही प्रश्न आहेच. सीटला वजनाची मर्यादा आहे. बसणाऱ्याला आधी त्या काट्यावर उभं राहावं लागतं. इथंच, सगळ्यांसमोर."

भाऊसाहेबांनी काट्याकडे पाहिलं. मग फोटोवाल्यांकडे.

"पहिला हक्क लेकरांचा," ते माइकवर म्हणाले. टाळ्या झाल्या. हेल्मेट घालून उभ्या विमानाशेजारी त्यांनी फोटो काढून घेतले आणि गेले.

रांगेत पहिली होती सातवीतली आरती. ती रडली नाही, चिडली. "मॅडम, त्यायचं भाषण उद्या ठेवलं असतं तर काय झालं असतं?"



दुसऱ्या दिवशी आम्ही मुलांना उजाडतानाच बोलावलं. मंडप नाही, माइक नाही. आरतीला घेऊन वर गेले. करपरा नदीवर वळताना तिनं खाली वाकून पाहिलं.

"एवढंच हाय का आमचं गाव?"

ऊन चढायच्या आत सगळी मुलं फिरून झाली. त्याच दिवशीच्या पेपरात हेल्मेटातले भाऊसाहेब झळकले होते. वर मथळा: 'भाऊसाहेबांनी घडवली विद्यार्थ्यांना आकाशाची सफर'.

तेव्हापासून आम्ही उद्घाटन सगळ्यात शेवटी ठेवतो, उड्डाणं संपल्यावर. अजून एकाही प्रमुख पाहुण्याच्या ते लक्षात आलेलं नाही.