उज्ज्वलाच्या आईचं नाक

आधीच सांगून टाकते, भुतंखेतं ही माझ्या रोजीरोटीची गोष्ट आहे, विश्वासाची नाही. मी डिजिटल पोर्ट्रेट काढते, बहुतेक गेममधल्या पात्रांची. चेटकिणी तर ऑर्डरप्रमाणे रंगवून देते! भद्रावतीच्या फॅक्टरी कॉलनीत वाढलेली मुलगी मी. छपरावर धाड् वाजलं तर आमच्याकडे पहिलं नाव माकडाचंच निघतं. पण गेल्या उन्हाळ्यात चंद्रपूरकडच्या मूल शहराच्या पुढच्या एका तलावाकाठच्या गावात, भरदुपारी, मांडवभर माणसांसमोर जे घडलं... ते मलाच अजून पचलेलं नाही.

उज्ज्वला ही माझी चंद्रपूरच्या हॉस्टेलमधली रूममेट. ती तान्ही असतानाच तिची आई गेली. मागे एकही फोटो नाही. तिचं लग्न ठरलं तेव्हा घरच्यांनी रिवाजाप्रमाणे आईच्या नावानं सुपारी मांडायचं ठरवलं. उज्ज्वला अडून बसली.

मला फोनवर म्हणाली, "मले सुपारीच्या पाया नाई पडाचं. तू आईचा चेहरा काढून दे. मी कोनावर गेली, ते तरी पाहू दे मले."

यातली मेख मला ठाऊक होती. तिच्या वडिलांकडे सगळ्यांची नाकं तरतरीत आणि हिचं एकटीचं बसकं. जन्मभर 'नकटी' ऐकत आली बिचारी. चारचौघांत हसण्यावारी न्यायची, पण हॉस्टेलच्या आरशासमोर नाक चिमटीत धरून उभी राहिलेली मी तिला पाहिली आहे. फार वाईट वाटायचं मला.

लग्नाच्या आधी टॅबलेट घेऊन तिच्या गावी गेले. फोटो नसताना चेहरा काढायची माझी एक युक्ती आहे. माणूस कसं होतं, ते विचारायचं नाही. लोकांना ते सांगता येत नाही. समोरच्यांपैकी कोणासारखं, ते बोटानं दाखवायला सांगायचं. पाहुणे जमलेलेच होते. मग काय, मांडवात नुसता बाजार भरला! आधी करड्या रंगात चेहऱ्याचा ढोबळ आकार धरला, मग एकेक अवयव वेगवेगळ्या लेअरवर, म्हणजे चित्राच्या स्वतंत्र थरावर. कपाळ मामांचं. डोळे मामांच्या धाकट्या मुलीचे. हनुवटीवरून दोन मावश्यांचं जुंपलं. मी मधूनमधून चित्र उलटं फिरवून, म्हणजे आरशात दिसेल तसं करून, बघत होते. चूक असली की तशी लगेच डोळ्यांत भरते.

नाकाची पाळी आली आणि सगळी बोटं उज्ज्वलाकडे वळली.

तिची आत्या म्हणाली, "अवं, तिचं नाक म्हंजे हेच. नकटी होती वहिनी. फोटोवाला आला का घरात पयून लपे!"

उज्ज्वला माझ्यासमोर पुतळ्यासारखी बसली आणि मी तिचंच नाक उतरवलं. मग सगळे जेवायला उठलो. टॅबलेट लॉक करून माझ्याच मांडीजवळ ठेवला. गरम भात, झिंग्याची चटणी... पोटभर जेवून स्क्रीन उघडला, तर चित्रातलं नाक सरळ! तरतरीत, देखणं, आणि छटा इतक्या सफाईदार की मला स्वतःला जमणार नाहीत.

माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं असेल, असं म्हणून मी ते पुसलं. बसकं नाक पुन्हा काढलं, लेअर लॉक केला. पाणी पिऊन आले... पुन्हा सरळ. इंटरनेटची करामत म्हणावी तर त्या गावात रेंज फक्त तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर. अंगावर सर्रकन काटा आला.

आत्यानं पदर तोंडाला लावला. उज्ज्वलाचे वडील मात्र चित्राकडे पाहून असे हसायला लागले की त्यांना ठसका लागला.

"राहू दे, बाई," ते मला म्हणाले. "लग्नात आमच्या लोकायनं नकटीच्या लग्नाले सतराशे विघ्नं म्हनून लय चिडवलं होतं तिले. आता डाव साधून राह्यली!"

सगळा मांडव हसला. उज्ज्वला नाही हसली. तिनं टॅबलेट मांडीवर घेतला.

"आई," ती म्हणाली. हा शब्द कोणाला उद्देशून तिनं उच्चारलेला मी पहिल्यांदाच ऐकत होते. "माहं नाक तुहंच हाय ना? मंग लपवून काऊन राह्यली? राहू दे नं तसंच... मले तुह्यासारखं दिसाचं हाय."

वडिलांनी दुपट्ट्यानं डोळे पुसले. मी बसकं नाक पुन्हा काढलं आणि आम्ही सगळे श्वास रोखून बघत बसलो. चहा आला, कपबशा रिकाम्या झाल्या, उन्हं उतरली. नाक जागचं हललं नाही.

लग्नात तेच चित्र फ्रेम करून मांडलं. नवरदेवाची आई एकदा चित्राकडे, एकदा सुनेकडे पाहत म्हणाली, "पोरगी अगदी मायवर गेली वं!" आमची नवरी शालूतच खदखदून हसली.

ॲपवाल्यांना मी सगळं कळवलं. अपडेट करा, असं उत्तर आलं. ओळखीतल्या एकानं फाईल तपासली. त्याला कुठेच काही सापडलं नाही. मलाही आजवर काही सुचलेलं नाही, तुम्हाला सुचलं तर जरूर सांगा.

उज्ज्वलाला मात्र उत्तर नकोच आहे. लोकांचं लक्ष जाईल म्हणून जिनं कधी नाकाला सुई लावू दिली नव्हती, तिनं लग्नानंतर चंद्रपूरला जाऊन नाक टोचून घेतलं. चांगली ठसठशीत चमकी घातली आहे. म्हणते, "आईचं नाक हाय, सजवाले नोको का?"