केळीच्या पानाआडची फायनल

"चित्र कोठे शे?" नानांनी विचारलं.

चित्र नव्हतं. टीव्हीच्या पडद्यावर नुसत्या पांढऱ्या मुंग्या वळवळत होत्या. सोमवारची दुपार होती. संध्याकाळी त्याच पडद्यावर अमेरिकेतल्या फुटबॉलची फायनल लागणार होती आणि ती बघायला नानांनी अख्ख्या गावाला भरीत-पुरीचं आवतण दिलं होतं.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. जळगावात माझं डिश बसवण्याचं दुकान होतं. हे गाव भडगावच्या पुढे, गिरणाकाठचं. नाना तिथले केळीवाले शेतकरी. त्यांचा मुलगा दिलीप अमेरिकेत नोकरीला गेला, तो तेव्हापासून घरी आला नव्हता. आठवड्यापूर्वी त्याने भडगावच्या एसटीडी बूथवर फोन करून आईला, म्हणजे अक्कांना, सांगितलं होतं, "आमचा साहेब सगळ्या ऑफिसला फायनल दाखवायला नेतोय. नानांची पांढरी टोपी घालून बसेन. मॅच तुमच्याकडे टीव्हीवर लागते. बघ, दिसतो का."

झालं. अक्कांनी त्या दिवसापासून नानांच्या मागे धोशा लावला आणि नानांनी डिशची ऑर्डर दिली. स्टेडियममध्ये किती हजार माणसं असतात, हे मी त्यांना सांगून पाहिलं. नाना म्हणाले, "त्यामा टोपीवाला एकच ऱ्हाई ना?"

आता मुंग्यांबद्दल. उपग्रह आकाशात एका जागी असतो, आमच्याकडून पाहिलं तर आग्नेयेला. डिशला तो थेट दिसावा लागतो. मध्ये भिंत, झाड, काहीही आलं की सिग्नल अर्धवट येतो आणि पडद्यावर पांढरे ठिपके नाचतात. आम्ही त्यांना मुंग्या म्हणतो. घराचं छत मातीच्या धाब्याचं, तिथे एवढं वजन ठेवणं शक्य नव्हतं. म्हणून डिशला खाली चौथरा हवा होता. तो मी यायच्या आधीच नानांनी बांधून घेतला होता. कुठे? खळ्याच्या टोकाला, भडगावच्या रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला नीट दिसेल अशा जागी. डिश रस्त्याला छान दिसत होती. उपग्रहाला दिसत नव्हती, कारण मध्ये केळीची बाग होती.

"पानं कापा," मी म्हणालो.

नानांनी बागेकडे पाठ फिरवली. अक्का खाली मान घालून वांग्यांना तेल लावत बसल्या. मग कळलं, ती बाग नानांची नव्हती. त्यांच्या चुलतभावाची, आबांची होती. बांधाच्या भांडणापासून दोघांचं बोलणं बंद होतं. आबा कधीकाळचे कबड्डीपटू, अजून छाती पुढे काढून चालायचे. कुंपणापलीकडे उभे राहून ते आमची गंमत बघत होते.

"आबा, दोन-चार पानांचा प्रश्न आहे," मी म्हणालो.

"टीवी त्यानी, पानं मनी. मी काबर कापू?"

मी पुन्हा तोंड उघडणार, तोच अक्का तेलकट हात पदराला पुसत कुंपणापाशी आल्या. "आबा, दिलीप लहानपने तुमनाच खांदावर बसे. आज तो टीवीमा शे. माले त्याले दखनं शे."

आबांनी जरा वेळ खाकरून घेतलं. मग म्हणाले, "कापाना नही. दोरीवरी बांधा. नि मी बी दखाले येसू."

"येऊ द्या," नाना माझ्याकडे बघत म्हणाले. "भरीत बठ्ठासले पुरी जाई." भरीत सगळ्यांना पुरेल म्हणे. समोर उभ्या असलेल्या आबांशी बोलायला त्यांना जळगावचा माणूस मध्ये लागत होता!

पानं बांधली आणि पडदा लख्ख झाला. संध्याकाळी टीव्ही ओट्यावर आला. मॅच तिकडे आधीच होऊन गेली होती, चॅनेल ती परत दाखवणार होतं. निकाल मात्र आमच्यात कोणालाच ठाऊक नव्हता. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजली जात होती आणि समोर खेळ सुरू झाला.

तसा खेळ गावाने कधी पाहिला नव्हता. बॉल भरताच्या वांग्यासारखा, पण दोन्ही बाजूंनी निमुळता. खेळाडू जरा पळायचे, एकमेकांवर कोसळायचे, मग उठून कोंडाळं करून चर्चा करायचे.

"हाऊ खेळ शे का गरामसभा?" कोणीतरी विचारलं.

"दम धरतस नही," आबांनी निकाल दिला. "दोन पावलं पयतस नि पडतस."

दिलीपच्या साहेबाची आवडती टीम दरवर्षी फायनलला येऊन हरते, हे त्याने फोनवरच सांगितलं होतं. गावाला त्याचं नवल नव्हतं. सरपंचपदाला दर वेळी उभा राहून पडणारा एक गडी आमच्यातच पुऱ्या लाटत बसला होता. यंदाही तसंच झालं. मध्यंतरानंतर समोरच्यांनी गुणांची अशी रास घातली की समालोचकाचाही आवाज बसला. लोक भरताकडे वळले.

त्यातच वारा सुटला. दोरी सैल झाली, पानं पुन्हा डिशपुढे आली आणि मुंग्या परतल्या. आबा उठले. "मनी पानं मीच धरसू," म्हणत बांबूची आकडी घेऊन डिशपाशी जाऊन उभे राहिले. तिथून टीव्हीची फक्त पाठ दिसायची. बराच वेळ तसेच उभे होते. शेवटी नाना हातातलं ताट ठेवून त्यांच्यापाशी गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा थेट बोलले, "आबा, जा, दोन घास खाई ले. दे ती आकडी."

आबा ताट घेऊन टीव्हीपुढे बसले. मॅच संपत आली होती. हरणाऱ्या टीमच्या बाजूची माणसं केव्हाच उठून गेली होती. कॅमेरा त्या रिकाम्या खुर्च्यांवरून फिरला आणि मधोमध एकटा बसलेला माणूस दिसला. डोक्यावर पांढरी टोपी. तो हात हलवत होता.

"दिलीप!" अक्का ओरडल्या. "ओ, बिगी बिगी या! दिलीप शे!"

"आपला पोऱ्या!" आबांच्या तोंडातून पुरीचा घास उडाला.

नाना आकडी टाकून धावत आले. व्हायचं तेच झालं. पानं सुटली. नाना पडद्यापुढे पोचले तेव्हा तिथे मुंग्याच मुंग्या होत्या.

"कोठे शे?"

मी आकडीकडे पळालो, पण एवढ्या वेळात अमेरिकेचा कॅमेरा काय थांबतो? वळून पाहिलं तर आबांनी नानांचा खांदा धरला होता आणि दुसऱ्या हाताचं बोट एका पांढऱ्या ठिपक्यावर ठेवलं होतं. "हाऊ काय! टोपी दखात नही का?"

अक्कांनीही मान डोलावली.

नाना वाकून बराच वेळ त्या मुंग्यांकडे बघत राहिले. मग डोळे पुसत म्हणाले, "हा, दखायना तो. बारीक व्हई गया पोऱ्या."

आकडी धरून मी तसाच उभा राहिलो, पानं बाजूला केलीच नाहीत.

पुढे दिलीपचा फोन आला. साहेब रडवेला होऊन सामना संपायच्या आधीच निघून गेला, मागोमाग ऑफिसही गेलं. हा टोपी सावरत शेवटपर्यंत बसला. सामना चुरशीचा झाला असता, तर त्या गर्दीत तो आईलाही सापडला नसता. तेव्हापासून फायनल रटाळ झाली म्हणून कोणी कुरकुरलं की मी गप्प बसतो. आणि चित्रात मुंग्या आल्याची तक्रार आली की दुरुस्तीला हात लावायच्या आधी विचारतो, "घरातलं कोणी परदेशात आहे का?"