स्टँडवाले वामनराव

वामनराव मास्तरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या खांद्यावर घडवंची होती. परभणीच्या त्या शाळेत गणिताचा मास्तर म्हणून मी त्याच दिवशी रुजू झालो होतो. निजामाची अमदानी होती. शाळेला वस्तानिया म्हणत, हेडमास्तरांना सदर मुदर्रिस म्हणत, आणि त्रैराशिकंसुद्धा उर्दूतून सोडवावी लागत. ऊन मरणाचं होतं. अशात घागर ठेवायची लाकडी घडवंची खांद्यावर टाकून एक बुटका माणूस ओसरीवरून जाताना दिसला. मला वाटलं, शाळेचा पाणक्या. मी ऐटीत म्हटलं, "जरा गार पाणी आण रे." तो थांबला, घडवंची खाली ठेवली, आत गेला आणि तांब्याभर पाणी घेऊन आला. मी पोटभर प्यालो. मग तो म्हणाला, "गणिताचे नवे मास्तर ना तुमी? मी इंग्रजीचा. येऊ का आता? पोरं स्टँडची वाट बघायलेत."

घडवंची म्हणजे स्टँड, हे पोरांना पटावं म्हणून ते ती वर्गात नेत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळा वर्ग चौकातल्या टांगा स्टँडवर नेऊन उभा केला. टांगेवाल्यांना वाटलं, पाहुणे आले. त्यांनी घोडे जुंपले. तिसऱ्या दिवशी सायकल आणून तिचं स्टँड पाडून-चढवून झालं. सायकल सदर मुदर्रिसांची होती आणि त्यांना विचारलेलं नव्हतं. वस्तूंचं स्टँड असं आठवडाभर चालल्यावर मग मास्तर उभं राहण्याच्या स्टँडकडे वळले. बाकीच्या शाळांतली पोरं तेवढ्या काळात रीडरातले चार धडे संपवत. वामनरावांचा वर्ग एका शब्दाच्या पुढे सरकत नसे.

त्याबद्दल मी छेडलं की म्हणायचे, "गणित, तुमाला काय कळतंय?" सहकाऱ्यांना ते त्यांच्या विषयाच्या नावानं हाक मारत. मी गणित, शेजारच्या वर्गातले भूगोल. "भूगोल, तंबाखू हाय का?" असं ते बिनदिक्कत विचारत. तर म्हणायचे, "गणित, शब्द पेरला की लगेच काढायचा नसतो. निंदावा लागतोय. आन् इंग्रजी शब्दाला शेपूट असतंय बघा, बारकंसं. अप, बाय, असाइड. पोरं शब्दाच्या तोंडाकडं बघत बसतात. म्या म्हणतो, शेपटाकडं बघा. बैल कुठं वळायलाय ते शेपूट पिळणाऱ्याला इचारा."

मग ते शेपूट पिळून दाखवत. अप म्हटलं की वर्ग उठायचा, असाइड म्हटलं की सगळे भिंतीला चिकटून वाट सोडायचे. एकदा सदर मुदर्रिस नेमके त्याच वेळी दारात आले. चाळीस पोरं एकदम भिंतीला लागलेली पाहून ते घाबरून मागे सरले आणि म्हणाले, "वामनराव, साप निकला क्या?"

मला बरेच दिवस शंका होती की मास्तरांना मुळात शब्दच थोडे येतात, म्हणून ते पुरवून पुरवून वापरतात. शंका अगदीच खोटी नव्हती. ते मॅट्रिक झालेले नव्हते. रानीसावरगावच्या शेतकऱ्याचं पोर, तरुणपणी पूर्णा जंक्शनवर कंदील लावायच्या कामाला लागलं, आणि तिथल्या एका म्हाताऱ्या गार्डाच्या मागं फिरून इंग्रजी शिकलं. त्यामुळे त्यांचं इंग्रजी सगळं गाडी सुटण्याचं आणि गाडी थांबण्याचं. व्याकरणाच्या वाटेला ते गेले नव्हते आणि व्याकरणही त्यांच्या वाटेला आलं नव्हतं. पण जे येत होतं ते असं काही बोलायचे की समोर गार्ड उभा आहे आणि हिरवी झेंडी आता हलणार, असं वाटावं.

'स्टँड बाय'वर मात्र त्यांचा विशेष जीव. त्याचा अर्थ, पाठीशी उभं राहणं. तो त्यांनी नुसता सांगितला नाही, वर्गाचा कायदाच करून टाकला. आमच्या वर्गांत उत्तर चुकलं की पोरगं एकटं बाकावर उभं राही आणि बाकीचे फिदीफिदी हसत. वामनरावांच्या वर्गात एखाद्याला उत्तर आलं नाही, तर शेजारच्यानं उठून त्याच्या बाजूला उभं राहायचं. उत्तर येवो न येवो, मास्तर "सिट डाऊन" म्हणेपर्यंत दोघांनी मिळून. मी म्हटलं, "अहो, यात शिक्षा कुठं आहे?" ते म्हणाले, "शिक्षा कशाला? येत न्हाई हीच काय कमी शिक्षा हाय का?" या कायद्याचा खरा लाभ सोपानला झाला. सोपान मास्तरांच्याच गावचा, उशिरा शाळेत घातलेला, मिसरूड फुटलेला, मास्तरांपेक्षा हातभर उंच. त्याला कधीच काही येत नसे, त्यामुळे शेजारचा बारका दिनू बिचारा वर्षभर बसलाच नाही.

एवढं सगळं असून मास्तरांची नोकरी मात्र कच्ची होती. ते मुन्सरिम होते, म्हणजे हंगामी. वरून हुकूम येईल त्या दिवशी घरी. मुस्तकिल म्हणजे कायम होण्यासाठी मोहतमिमसाहेबांची, म्हणजे शाळा तपासणाऱ्या बड्या अंमलदाराची, शिफारस लागे. आणि मुस्तकिल झाल्याशिवाय बायकोला परभणीला आणायचं नाही, असं मास्तरांनी ठरवून टाकलं होतं. लग्न होऊन कितीतरी वर्षं झाली होती. वहिनी रानीसावरगावला सासू-सासऱ्यांपाशी, आणि हे इथं टांगा स्टँडमागच्या खोलीत हातानं भाकरी थापत. ती भाकरी मी खाल्लेली आहे. त्याबद्दल अधिक लिहीत नाही. मी म्हणायचो, "आणा की त्यांना." तर म्हणत, "मुन्सरिमाचं बिऱ्हाड कसलं, गणित? आज मांडायचं, उद्या मोडायचं. तिला काय टांग्यासारखं सवारीची वाट बघत उभं करू का?"

असे दिवस चालले असताना मुआयन्याची, म्हणजे तपासणीची, वर्दी आली. मास्तरांनी खोलीला चुना मारला. शेजारची रिकामी खोली घरमालकाला सांगून अडकवून ठेवली. "सैपाकघर व्हईल," एवढंच म्हणाले आणि लाजले. चाळिशी उलटलेला माणूस इतका लाजलेला मी दुसरा पाहिला नाही.

आता आमच्या शाळेची एक रीत सांगितली पाहिजे. मुआयन्याच्या दिवशी शाळेतली तेवढी मठ्ठ पोरं पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला पाठवायची. शाळेचं भलं व्हावं म्हणून ती नवस बोलायला जात, असं सांगितलं जाई. सदर मुदर्रिस स्वतः मुसलमान, पण या बाबतीत नृसिंहावर त्यांची फार श्रद्धा. पोरांनाही ते आवडे. गाडीत बसून जायचं, प्रसाद खायचा, संध्याकाळी परत. शाळेतली हुशारी त्या दिवशी एकदम वाढे. प्रत्येक मास्तर आपापली नावं देई. मी माझी पाच दिली. वामनरावांनी एकही दिलं नाही.

आदल्या संध्याकाळी सदर मुदर्रिस वामनरावांच्या खोलीत आले. "वामनराव, सोपान को तो भेजो. एक दिन का सवाल है."

"न्हाई साब."

"तुम्हारा मुस्तकिली का मामला है. समझते नहीं?"

"समजतं साब. पण सालभर त्याच्या बाजूला उभं राहा म्हणून शिकवलं, आन् साहेब आले की त्यालाच दडवू? मग पोरं काय म्हणतील?"

गंमत म्हणजे सोपानलाच जायचं होतं. तो दाराशी येऊन गयावया करू लागला, "मास्तर, जाऊ द्या ना मला. तिथं परसाद लय चांगला असतोय." मास्तर म्हणाले, "गप. परसाद म्या आणून देतो. उद्या वर्गात ये." मी रात्री जेवताना पुन्हा सांगून पाहिलं. त्यांनी भाकरीचा तुकडा माझ्या ताटात टाकला आणि बोलणं संपवलं.

मोहतमिमसाहेब आले. उंच, गोरे, काळी शेरवानी, बोलणं अतिशय मऊ. त्या मऊपणाचीच आम्हाला भीती वाटे. माझा वर्ग झकास पार पडला, कारण मठ्ठ पोरं नृसिंहापुढे होती. मग साहेब इंग्रजीच्या वर्गात शिरले आणि आम्ही सगळे मास्तर ओसरीच्या खिडकीशी गोळा झालो. साहेबांनी रीडर उघडलं ते नेमकं वर्ग जिथं पोचलाच नव्हता तिथं. नजर फिरवली आणि वर्गात सगळ्यांत उंच दिसला तो सोपान. "तुम पढ़ो."

सोपान उठला. पुस्तक उलटं नव्हतं, एवढीच जमेची बाजू. ओठ हलले, आवाज नाही. शेजारचा दिनू सवयीनं उठला आणि त्याला खेटून उभा राहिला. साहेब म्हणाले, "तुमको किसने पूछा?" दिनू म्हणाला, "कुनी न्हाई साब. स्टँड बाय."

साहेबांना ते समजायला वेळ लागला. समजल्यावर हसले नाहीत की रागावले नाहीत. मास्तरांकडे वळून त्यांनी विचारलं, किताब इतकी मागे का? मग मॅट्रिक कुठून केलं, ते विचारलं. मग फळ्यावर एक लांबलचक वाक्य लिहून त्याचं व्याकरण समजावून सांगायला सांगितलं. मास्तर खडू घेऊन फळ्यासमोर उभे राहिले. टोपी सारखी केली. पुन्हा सारखी केली. खिडकीतून मला त्यांची पाठ दिसत होती आणि सदऱ्यावर पसरत चाललेला घाम. वर्षानुवर्षं टाळलेला क्षण समोर येऊन ठाकला होता, आणि चुना मारलेली ती खोली माझ्या डोळ्यांपुढे आली.

तेवढ्यात सोपान बाकामागून निघाला. साहेबांच्या शेजारून, त्यांना वळसा घालून तो पुढे आला आणि फळ्यापाशी मास्तरांच्या बाजूला जाऊन उभा राहिला.  फळ्यावरचं त्यालाही येत नव्हतं. एवढं मोठं धूड आणि त्याच्या काखेशी मास्तरांची टोपी. एरवी हे दृश्य पाहून मी पोट धरून हसलो असतो. त्या दिवशी मी खिडकीचा गज धरून उभा राहिलो. शेजारी भूगोलांनी उपरणं डोळ्यांना लावलं आणि धूळ गेली म्हणाले.

साहेबांनी त्या दोघांकडे पाहिलं. मग स्वतः फडकं घेऊन फळा पुसला आणि म्हणाले, "तशरीफ रखिए, मास्टरसाहब. बेटा, तुम भी बैठो."

जाताना टांग्यात बसण्याआधी साहेब सदर मुदर्रिसांना जे म्हणाले ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं. "इनको मुस्तकिल मैं नहीं कर सकता, कायदा नहीं है. मगर जब तक मैं हूँ, इनको कोई निकालेगा भी नहीं."

म्हणजे मुन्सरिम ते मुन्सरिमच. मास्तरांनी संध्याकाळी घरमालकाकडे जाऊन शेजारची खोली मोकळी केली. मला म्हणाले, "चला, नोकरी तर ऱ्हायली. सैपाकघराचं काय, माझं तर चुलीपुढंच चालतंय." सोपानसाठी त्यांनी पेढे आणले होते. कबूल केलेला प्रसाद. दुसऱ्या दिवसापासून शाळेला सुट्टी होती आणि तो गावी निघाला होता. पुडी त्याच्या हातात देऊन ते लगेच आत वळले. त्यानंतर पुष्कळ दिवस त्यांनी तोंडातून इंग्रजी शब्द काढला नाही. स्टँडवाले वामनराव म्हणून आम्ही चिडवायचो, तेही बंद केलं.

सुट्टी संपायच्या सुमारास एका बाजारच्या दिवशी आम्ही दोघं त्यांच्या खोलीत बसलो होतो. बाहेर टांगेवाल्याची कुरकुर ऐकू आली, "बाई, घोडा मरता ना मेरा!" दार उघडलं तर सोपान. डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर जात्याचा दगड. मागं नऊवारी खोचलेली, उन्हानं रापलेली एक बाई, काखेत पितळी डबा. गंगाखेडला गाडीत बसून दोघं आले होते. मास्तर ताडकन उठले.

"अगं, तू? आन् हे जातं कशाला?"

"सोपाननं सांगितलं समदं," वहिनी म्हणाल्या. "तुमाला कायबी येईना, म्हनून ह्यो येऊन उभा ऱ्हायला म्हनं. ह्यो कोन तुमचा? गावचं पोरगं. आन् मी तिकडं हुकमाची वाट बघत बसू?"

मास्तर गडबडले. माझ्याकडे पाहिलं, जात्याकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "अगं, पण मी अजून मुन्सरिमच हाय."

वहिनींनी डबा खाली ठेवला आणि पदर कमरेला खोचला.

"तुमी व्हा मुन्सरिम. मी मुस्तकिल हाय. जातं कुठं मांडू, तेवढं सांगा."