वडिलांची झांज कुणी पुसली

माझ्या सगळ्यात जवळच्या मित्राने मला फसवलं. मी विश्वासाने दिलेल्या रेकॉर्डिंगमधून त्याने माझ्या वडिलांची झांज पुसून टाकली, आणि वर मलाच म्हणाला की आता झकास झालंय.

मी भांडुपला जुने एसी विकत घेतो, दुरुस्त करतो, विकतो. गिटार कुणी शिकवली नाही. घाटकोपरच्या एका बाईकडून घासाघीस करून घेतली. गिटारीची वरची फळी जरा उकललेली आहे, त्यामुळे जाड तार छेडली की आतून बारीक घरघर येते. भाव पाडायला मी तीच घरघर पुढे केली होती, खरं तर गिटार घेतली त्या घरघरीसाठीच. तारेवरून बोट सरकतं तो किरकिरा आवाजही मला हवा असतो. तो नसेल तर वाजवणारा माणूस आहे की नाही कसं कळणार?

मशीनच्या संगीतावर माझा राग आहे असं कुणी समजू नये. ती गोडी मला या मित्रानेच लावली. बोरीवलीला त्याच्या खोलीत सिंथेसायझर आहे. त्यावर त्याने पहिल्यांदा एकच खर्ज लांबवत नेला, तेव्हा मी बसलो होतो त्या पलंगाची फळी थरथरली. मोठा कॉम्प्रेसर सुरू होताना पायाला जाणवतो, तसा तो आवाज. तेव्हापासून मला संगीत असंच लागतं, जरा खरबरीत आणि अंगाला लागणारं.

वडिलांची गिरणी बंद पडली, भजन बंद पडलं नाही. गणपतीत गजर चढायला लागला की झांज त्यांच्याकडेच. ते ठोका किंचित उशिरा द्यायचे. तो ऐकायला सगळे पुढे झुकायचे आणि गजर आपोआप चढायचा. त्यांच्या शेवटच्या गणपतीत मी गिटार घेऊन शेजारी बसलो.

"ह्या काय वाजयतंस रे? पंखो बिघाडलो काय?" ते म्हणाले. सगळे हसले. मग त्यांनीच झांज उचलली आणि माझ्या गिटारीबरोबर वाजवायला लागले. रेकॉर्डर दोघांच्या मधे ठेवला होता.

ते गेल्यावर मी रेकॉर्डरमधलं कार्ड मित्राला दिलं. स्पष्ट सांगितलं, "झांजेला हात लावू नकोस. खाली फक्त तुझा खर्ज घाल." तो हो म्हणाला.

बोरीवलीला ऐकायला गेलो, तर झांजच नाही.

"झांज कुठाय?"

"ती ना? ठोक्यात बसत नव्हती यार. नुसती खरखर. साफ केली. गिटार पण सरळ केली, बघ कशी वाटतेय."

"मूळ लाव."

"त्याच्यावरच सेव्ह झालं रे. कार्ड पण दुसऱ्या कामाला वापरलं." माझा चेहरा बघून त्याने लॅपटॉप पुढे ओढला. "तापतोस कशाला? नवी झांज टाकतो. पितळेची आहे, काशाची आहे. बोल, कुठली पाहिजे?"

मला तो पर्याय दाखवत होता. गिऱ्हाइकाला पर्याय दाखवून गप्प कसं करतात ते मला कुणी शिकवायला नको. पण गिऱ्हाइकाने दुरुस्तीला दिलेला जुना एसी मी त्याला न विचारता मोडीत काढत नाही.

मी परत ऐकलं. मी जिथे जिथे वडिलांच्या ठोक्यासाठी थांबलो होतो, ते थांबणंही त्याने काढून टाकलं होतं. गिटार शिस्तीत चालली होती, कुणाचीही वाट न बघता. मी हेडफोन त्याच्या मांडीवर टाकले आणि निघालो.

आता त्याचे मेसेज येतात: सोड ना यार, एका झांजेपायी एवढी दोस्ती तोडतोस? त्याने पाठवलेलं ते गाणं ज्यांनी ज्यांनी ऐकलं, ते मला सांगतात की गिटार एकदम परदेशी वाटते. मी त्यांच्याशीही बोलणं टाकलंय.

आईला अजून काही माहीत नाही. "गणपतीत ह्यांची झांज लाव हां," ती दोनदा म्हणाली. मी बघू म्हणालो.

मी का बघू? ज्याने पुसली त्याने बघावं. यंदा गणपतीला त्याने भांडुपला यावं, आरती झाल्यावर आईसमोर मांडी घालून बसावं आणि तिच्या नवऱ्याची झांज कुठे गेली ते तिला सांगावं. आणि हिंमत असेल तर तिच्या तोंडावर त्या झांजेला खरखर म्हणून दाखवावं.