मोझेलची देवघेव

मोझेल कौडिलला मी एकवीस वर्षांत एकदाच नियम मोडताना पाहिलं.

आमचं कंट्री गाण्यांचं रेडिओ स्टेशन म्हणजे केंटकीतल्या एका टेकडीवरच्या दोन खोल्या आणि मागे मनोरा. एका खोलीत मी रेकॉर्डी लावायचो, दुसरीत मोझेल बोलायची. रोज सकाळी नऊला गाणी थांबवून तिची 'देवघेव' सुरू व्हायची. काही विकायचं असेल त्याने फोन करायचा, नाहीतर कार्ड लिहून दाराच्या डब्यात टाकायचं. त्यावर नाव घालायचं नाही, फक्त फोन नंबर. खोऱ्यातले सगळे नंबर पोरासोरांनाही पाठ होते, नाव हवंय कुणाला? कार्डावरचं सगळं जसंच्या तसं वाचायचं, आणि मालकाने कळवल्याशिवाय वस्तू विकली गेली म्हणायचं नाही, हे मोझेलचे नियम.

बाई मोठी फटकळ. "काका, कोंबड्या अंडी घालतात की नुसत्याच खातात? खरं बोला, अख्खं गाव ऐकतंय!" लोक तिच्यासाठीच रेडिओ लावत. मला राग यायचा. गाणी मी निवडायचो ना!

तिचा नवरा होबर्ट कोळशाच्या खाणीत फुप्फुसं घालवून बसलेला, नाकात सदा ऑक्सिजनची नळी. पूर्वी शनिवारी आमच्याच स्टेशनवर गिटार घेऊन गायचा. त्या सप्टेंबरात तो शेजाऱ्याबरोबर डॉक्टरकडे जाऊन आला. "तसंच आहे म्हणाले. औषध वाढवलंय," एवढंच मोझेलला सांगितलं. तिने विश्वास ठेवला. मला वाटतं, तिला ठेवायचाच होता.

कार्डं आधी चाळून वात्रट असेल ते काढायचं काम माझं. त्या सोमवारी मी आळस केला आणि गठ्ठा तसाच तिच्यापुढे ठेवला. त्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

शिलाई मशीन झालं, दुभती शेळी झाली. तिसऱ्या कार्डावरचं अक्षर बघून ती थांबली. मग वाचू लागली.

"पुरुषाचे बूट, अकरा नंबर. जाड कोट एक. गिटार, वाजवणाऱ्यालाच मिळेल. थंडीआधी घेऊन जावं. मागाहून बायकोला हे आवरावं लागू नये."

मग तिने नंबर वाचला, नेहमीसारखा दोनदा. तो तिच्याच घरचा होता. डॉक्टर काय म्हणाले, ते होबर्टला तिच्या तोंडावर सांगवलं नव्हतं.

मी घाईने रेकॉर्डकडे हात नेला. तिने दोन खोल्यांमधल्या काचेपलीकडून बोट वर केलं.

"होबर्ट, ऐकतोयस ना?" तिचा आवाज चिरकला. "गिटार विकली गेली. बूट गेले, कोटही गेला. सगळं मी घेतलंय. कुणी फोन करायचा नाही, सांगून ठेवते! आणि तू रे, असलं काही कार्डावर लिहितात होय? घेवडा निवडून ठेव. मी आलेच."

मी गाणं लावलं. कुठलं, ते आठवत नाही. मी रडत होतो.

होबर्ट नाताळाआधीच गेला. यंदाही बर्फ पडला की मोझेल जाड मोज्यांच्या दोन जोड्या चढवून, ते अकरा नंबरचे बूट ओढत टेकडी चढते. दाराशी बूट काढून ठेवते, आणि मी नऊला गाणी थांबवतो.