सैल टाके

वहिनींचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. "भावोजी, हे गेले," एवढंच म्हणाल्या. दिगंबरला जाऊन आता दीड महिना होईल. शोकसभेत आमच्या जुन्या साहेबांनी त्याचं भरभरून कौतुक केलं आणि शेवटी म्हणाले, ती एक चूक सोडली तर माणूस लाखात एक. मी पहिल्या रांगेत होतो. तेव्हाही गप्प बसलो...

ती चूक माझी होती.

सातपूरच्या कारखान्यात आम्ही उपग्रहांसाठी पांघरुणं शिवायचो. अवकाशात उन्हाची बाजू भाजते, सावलीची गोठते. आतली यंत्रं सांभाळायची ती वीज न वापरता. म्हणून चकचकीत, पातळ पडद्यांचे थर, मध्ये जाळी, आणि टाके मोजके, सैल. थर एकमेकांवर दाबले गेले की उष्णता सरळ आत शिरते. आराखडा दिगंबरचा, शिवणखातं माझं. "तुझ्या लग्नातल्या सुटासारखं दिसलं पाहिजे," तो म्हणायचा, "दोन मापं मोठं."

एकदा मोठे पाहुणे यायचे होते. दिगंबर रजेवर होता. टेबलावरचं ते चुरगळलेलं पांघरूण बघून मला लाज वाटली. मी टाके ओढून घ्यायला लावले, कडा दाबून घेतल्या. पाहुणे खूश झाले. पुढे चाचणीत, निर्वात टाकीतल्या प्रखर दिव्यांखाली, आतली पेटी तापली. ठपका आराखड्यावर आला. ते पांघरूण मी घाईने भंगारात काढलं. दिगंबरला भांडारात बसवलं, आणि निवृत्तीपर्यंत तो तिथेच राहिला. माझ्याशी मात्र तसाच वागायचा. रविवारी चहाला गेलो नाही, तर फोन करायचा.

शोकसभेनंतर मी वहिनींना सगळं सांगायला गेलो. त्यांनी मध्येच थांबवलं.

"त्यांना माहीत होतं. टाकीतून काढल्यावर त्यांनी टाक्यांवरून बोट फिरवलं होतं. म्हणायचे, तो सांगेल."

"मग मला विचारलं का नाही?"

"विचारल्यावर सांगितलं असतंत, तर ते काय सांगणं?"

दगा मी दिला होता, तरी घरी येताना फसवल्यासारखं मलाच वाटत होतं. मी गप्पा मारत होतो आणि तो इतकी वर्षं वाट बघत होता. एकदा तरी शिवी द्यायचीस, दिगंबर...

वहिनी अजून गॅलरीत दोन खुर्च्या मांडतात. भिंतीकडची त्याची, दुसरी माझी. बापाच्या हातून चूक झाली, असंच त्याची मुलं आजवर धरून चालली आहेत. हे लिहून मी त्यांना पाठवलं आहे, आज ती वाचतील. संध्याकाळी मी नेहमीसारखा जाणार आहे. माझी खुर्ची असेल तर बसेन. नसेल, तर दारात उभा राहून हेच त्यांना तोंडाने सांगेन.