सासऱ्यांचा खोकला

माझ्या सासऱ्यांना खोकला नव्हता. हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, फक्त आमच्या डॉक्टरांना माहीत नव्हतं. त्यामुळे घरात खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या येत होत्या आणि सासरे त्या इमानेइतबारे बेसिनमध्ये ओतत होते.

खरं दुखणं वेगळं होतं. ज्या माणसाने बेलापूरच्या सरकारी ऑफिसातून रिटायर होईपर्यंत घरी चहाचा कप विसळला नाही, तो अचानक पहाटे उठून स्वतःचा लेंगा धुवायला लागला. एकदा वाळत घातलेल्या लेंग्यावर मला लालसर डाग दिसला. विचारलं तर म्हणाले, "बिटाचं पाणी सांडलं." आमच्याकडे बीट येतच नाही, कारण त्यांनाच ते आवडत नाही. त्यांच्या वयात शौचावाटे रक्त जाणं म्हणजे काही गंमत नव्हे, आणि हा गृहस्थ डॉक्टरकडे जाऊन सांगतोय काय, तर खोकला!

नवरा जहाजावर, सासूबाई देवाघरी, घरात आम्ही दोघंच. सुनेशी असला विषय काढायला ते लाजतात, हे मी समजू शकत होते. पण डॉक्टरला सांगायला काय धाड भरली होती?

तर तिथे आडवा येत होता आतला बाक. आमच्या सेक्टरमधल्या दवाखान्यात डॉक्टर एकावेळी तीन पेशंट आत घेतात. एक स्टुलावर, दोन बाकावर. वेळ वाचतो म्हणे. बाकावरची माणसं नुसती बसतात थोडीच? स्टुलावरच्याचं सगळं ऐकतात, मान हलवतात, "आमच्या हिलापण सेम असंच झालेलं" म्हणून सल्लाही देतात. आणि सासऱ्यांचं नशीब असं, की दर वेळी त्या बाकावर आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. सेक्रेटरींच्या कानावर गेलं म्हणजे नोटीस बोर्डावर लागलं.

मी एकदा एकटीच डॉक्टरांना गाठायला गेले. काउंटरवरच्या बाईंनी मला दारातच अडवलं.

"पेशंट कुठंय?"

"घरी आहेत. मला फक्त दोन मिनिटं—"

"पेशंटशिवाय नंबर नाय."

या बाई इथल्याच जुन्या गावातल्या. अंगावर सोनं, आवाज खणखणीत. पेशंट दारात दिसला की चारचौघांत "काय होतंय?" म्हणून ओरडणार आणि उत्तरही तेवढ्याच मोठ्याने परत म्हणून दाखवणार. माझा एकदा असा पाणउतारा झाला होता की मी महिनाभर दुसऱ्या डॉक्टरकडे गेले होते.

पण अडला हरी, दुसरं काय करणार! पुढच्या खेपेला मी सासऱ्यांबरोबर गेले. ते "तू बाहेरच बस" म्हणाले तशी बाहेर बसले आणि त्यांचा नंबर यायच्या आधी काउंटरवर वाकून बाईंच्या कानात सगळं सांगितलं. बाक, सेक्रेटरी, लेंगा, सगळं. मला वाटलं, आता ही भोंगा लावणार. पण बाईंनी ड्रॉवर उघडून कसल्याशा कंपनीने दिलेलं शुगर तपासायचं मशीन बाहेर काढलं, सासऱ्यांना आत सोडलं आणि केबिनच्या दारात उभं राहून आरोळी ठोकली.

"फुकट शुगर चेक! स्ट्रिपा थोड्याच हायेत. ज्याला पायजे त्यानं भायेर या!"

अहाहा! बाक असा रिकामा झाला म्हणून सांगू! सेक्रेटरी तर चप्पल घालायची विसरून बोट पुढे करून आले. बाईंनी मागे हात नेऊन दार ओढून घेतलं आणि मला डोळा मारला. मी मनातल्या मनात त्यांचे सगळे गुन्हे माफ केले.

एक गोष्ट मात्र आम्ही दोघी शहाण्या विसरलो. सासऱ्यांना ऐकू येत नाही. कानाचं मशीन त्यांनी कपाटात ठेवलंय, बॅटरी संपते म्हणून. आणि दवाखान्याचं दार प्लायवूडचं.

"रक्त?" आतून डॉक्टरांचा आवाज आला. "कुठून? संडासला?"

"हां, संडासला!" सासरे गरजले. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कुठवर जातोय ते कळत नाही.

"लाल की काळं?"

"लाल! भडक!"

बाहेर सगळे बोटाला कापूस दाबून बसलेले. एका बाईंनी पदर तोंडात कोंबला. सेक्रेटरींचे खांदे हलायला लागले आणि खरं सांगते, मलाही हसू आवरेना.

"घरी सांगितलंय का?" डॉक्टर ओरडले.

"नाही! आणि माझ्या सुनेला सांगू नका! माझ्या बायकोचं दोन वर्षं गू-मूत काढलंय तिनं. एकदा तोंड वाकडं केलं नाही. आत्ता कुठं पोरगी जरा मोकळी झालीये. परत माझं नको!"

हसणं जागच्या जागी थांबलं. मला वाटत होतं, म्हातारा लाजतोय. म्हातारा मला वाचवत होता. मला तिथेच रडू फुटलं, अगदी हुंदके देऊन. काउंटरवरच्या बाईंनी शुगरसाठी काढलेला कापसाचा बोळा माझ्या हातात कोंबला.

"डोळं पूस, ताई. येतील ते भायेर."

सासरे बाहेर आले. सगळी वेटिंगरूम आपापली बोटं निरखत होती.

"काय म्हणाले डॉक्टर?" मी मोठ्याने विचारलं.

"खोकलाच आहे. पण एकदा दुर्बीण टाकून बघू म्हणतात."

"आजकाल खोकल्याला टाकतात दुर्बीण," सेक्रेटरी गंभीर चेहऱ्याने म्हणाले. त्या माणसाबद्दल मी त्यानंतर एक अक्षर वाईट बोललेले नाही.

दुर्बिणीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेले. येऊ नको म्हणाले, पण मी ऐकलंच नाही. आतड्यात छोटी गाठ होती, ती तिथल्या तिथे काढली. रिपोर्ट यायचा होता तोवर मला घास गोड लागला नाही. आला तेव्हा गाठ साधी निघाली. मी धावत त्यांच्या खोलीत गेले, कपाटातलं मशीन स्वतः त्यांच्या कानात घातलं आणि सांगितलं, "बाबा, काही नाहीये. कॅन्सर नाही, काही नाही!"

"म्हणजे तुला आधीपासूनच माहीत होतं?"

"सगळ्या दवाखान्याला माहीत होतं, बाबा. दार प्लायवूडचं आहे."

त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. तिकडेच बघत विचारलं, "सगळंच ऐकलंस?"

"सगळंच."

"बरं झालं," ते म्हणाले. "तुझ्या तोंडावर मला ते कधी बोलता आलं नसतं."